आक्काबाईची काच

भोरात त्या वेळी माणसाचा फोटो आयुष्यात एकदाच निघायचा, आणि तो काढताना त्याला 'हलू नका' असं सांगावं लागत नसे. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत. तेव्हा ज्याचं आयुष्य आणखी कमी व्हायचं भय उरलेलं नाही त्यालाच खुर्चीत बसवायचं, हार घालायचा, मागे घोंगडी टांगायची आणि फोटो काढून घ्यायचा, असा रिवाज पडला होता. मी संस्थानच्या कचेरीत कारकून. रिवाज म्हटला की मला पुढचे प्रश्न पडत नाहीत.

आमच्या माजघरात असाच एक फोटो होता, पण तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला. तो कुशीचा. कुशी आमची थोरली मुलगी. गेल्या श्रावणात तापानं गेली. सावळाराम फोटोवाल्यानं तिला खुर्चीत बसवून फोटो काढला, आणि त्याच्या मते तो हातातून आजवर उतरलेला सगळ्यात चांगला फोटो होता. एकेक पापणी वेगळी दिसत होती. आमच्या घरात काही दिवस तो पाहिला गेला, आणि एका सकाळी तो उलटा झालेला मला दिसला. ही, म्हणजे कुशीची आई, तो काढूही देईना आणि सरळही करू देईना. पाहुणे विचारत, हा फोटो असा का? मी सांगे, उजेडानं रंग उडतो. सगळा फोटो काळापांढरा होता, पण पाहुणे सभ्य असत.

दिवाळीची सुट्टी लागली तशी ही माझ्यापाशी येऊन बसली. कुशी गेल्यापासून ही माझ्यापाशी अशी बसली नव्हती, म्हणून मी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"दिगूचा आणि मथीचा फोटो काढा," ही म्हणाली. "हसताना, खेळताना. बसवलेला नको."

मी म्हटलं, फोटोला बसावंच लागतं, ते शास्त्र आहे. शास्त्राबद्दल मला तेवढंच ठाऊक होतं.

"मला कुशी हसायची कशी ते आठवत नाही हो," ही म्हणाली. "डोळे मिटले की तो खुर्चीतला चेहरा येतो. त्यानं बाकीची सगळी कुशी पुसून टाकली. ही दोघं तरी मला हसती हवीत. काय सांगावं."

दिगू पाच वर्षांचा, मथी तीन. दोघंही तेव्हा अंगणात मातीच्या किल्ल्यावरून मारामारी करत होती आणि अगदी धडधाकट होती. तरी ते 'काय सांगावं' ऐकल्यावर मी टोपी घातली आणि निघालो.

सावळाराम गावात एकटाच फोटोवाला. मला दारात पाहताच तो उठला, टोपी काढून हातात घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कोण?"

मी म्हटलं, दिगू आणि मथी.

त्याच्या हातातली टोपी खाली पडली. "दोघंही?"

जिवंत मुलांचा फोटो हवाय हे पटवायला मला बराच वेळ लागला, आणि पटल्यावर तो जास्तच घाबरला. म्हणाला, "जिवंत मूल मी कधी घेतलेलं नाही, भाऊसाहेब. ती ऐकत नाहीत." शिवाय अडचण होती. लढाई चालू असल्यामुळे ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा पुण्याहून येणं बंद झालं होतं, आणि एका काचेवर एकच फोटो निघतो. त्याच्याकडे एकच काच उरली होती, आणि तीही आक्काबाईच्या नावानं ठेवलेली.

ही आक्काबाई म्हणजे वेल्ह्याच्या वाटेवर एक धनगरवाडी आहे, तिथली म्हातारी. तिचा लेक गेणू पलटणीतून समुद्रापार गेलेला. म्हातारी आता राहत नाही असं दिसल्यावर तिच्या पुतण्यानं, म्हादूनं, सावळारामला आधीच बोलावून नेलं, की गेल्याबरोबर फोटो काढावा आणि गेणूला धाडावा. सावळाराम गेला. उशापाशी कॅमेरा उभा करून वाट बघत बसला. म्हातारीनं डोळे उघडले, काळं फडकं पाहिलं, हा कोण म्हणून विचारलं, आणि कळल्यावर उठून पेज मागितली. पेज पिऊन झाल्यावर तिनं त्याला काठी फेकून मारली. सावळाराम काच घेऊन परत आला. "तिला बरं वाटतंय आता," असं तो माझ्यापाशी तक्रारीच्या सुरात म्हणाला. एका अनोळखी म्हातारीची प्रकृती सुधारल्याचा मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. ती काच मी तिथल्या तिथे मुलांसाठी मागून घेतली.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे आनंदराव जकातनाक्यावरून निवृत्त झालेले. नाक्यावर असताना येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायची सवय होती, ती त्यांनी घरी बसून सल्ल्याच्या रूपानं चालू ठेवली होती. ते म्हणाले, नैसर्गिक फोटो निसर्गातच निघतो, तेव्हा मुलांना भाटघरला पाण्याकाठी न्या. उत्रोलीहून आम्हाला दूध घालणारी धोंडाबाई म्हणाली, "ल्येकरांस्नी आदी खाया घाला. उपाशी प्वार कुनाफुडं हसत न्हाई." आणि आयुष्य कमी होऊ नये म्हणून दोघांच्या तळपायाला काजळ लावायला सांगितलं. आम्ही दोघांचंही ऐकलं. सल्ला देणारा रोज दारावरून जाणार असेल तर ऐकावंच लागतं.

पाडव्याला बैलगाडी करून आम्ही भाटघरला गेलो. मथी वाटेत गाणी म्हणत होती. दिगू मात्र सावळाराम गाडीत चढल्यापासून हिच्या पदराला धरून गप्प होता. पाण्याकाठी कॅमेरा उभा राहिला तसे त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले आणि काही केल्या उघडेना. मी म्हटलं, ऊन लागत असेल. इकडे सावळारामनं मथीला दगडावर बसवलं, दोन्ही हात मांडीवर जुळवले, हनुवटी बोटानं वर केली आणि पाहता पाहता तिच्या पापण्यांवरून तळवा फिरवला. हिनं त्याचा हात झटकून टाकला. सावळाराम लाजेनं अर्धा झाला.

"चुकलं, वैनी," तो म्हणाला. "हाताला सवय."

तेवढ्यात धरणाचा पहारेकरी आला. लढाईचे दिवस, पलीकडे धरण, अलीकडे तीन पायांवर उभं यंत्र आणि त्यात काळ्या फडक्याखाली डोकं घातलेला माणूस. परवानगी कुठाय म्हणाला. मी विचारलं, कोण देतं? म्हणाला, साहेब देतात, साहेब दिवाळीला घरी गेलेत. म्हणजे परवानगी द्यायला कुणी नव्हतं आणि धरून न्यायला मात्र होतं. मी त्याला सांगितलं की मी संस्थानचा नोकर आहे. त्यावर तो म्हणाला, हे धरण संस्थानचं नव्हे. मग मी पुरावा म्हणून दोन्ही मुलं दाखवली. तो म्हणाला, पोरं काय कोणीही घेऊन येतं. दिवस माथ्यावरून उतरेपर्यंत आम्ही चौकीत बसलो होतो. शेवटी मथी चौकीत ओकली म्हणून आम्हाला सोडलं. त्या सबंध कारभारात माझ्या शब्दाला काय किंमत आली ते मी इथे लिहीत नाही.

परत येताना वेशीपाशी गाडीचा आख कुरकुरायला लागला म्हणून आम्ही उतरून चालत निघालो. मथी दमून माझ्या खांद्यावर झोपली होती. ऊन लागू नये म्हणून मी तिच्यावर माझं पांढरं उपरणं टाकलं होतं. मागून ही, डोळे लाल, दिगूला ओढत. आणि सगळ्यांच्या मागे खांद्यावर कॅमेरा आणि काळं फडकं घेतलेला सावळाराम. राजवाड्यासमोरून जाताना लोक बाजूला होऊ लागले. दुकानदार उठून उभे राहिले. माणसांनी टोप्या काढल्या. मला वाटलं, धरणाच्या पहारेकऱ्याला नसेल, पण निदान गावाला आपली किंमत आहे. मी डावीउजवीकडे मान लववून सगळ्यांचे नमस्कार घेत घरी आलो.

अंगणात ऊन होतं. सावळाराम म्हणाला, उजेड आहे तोवर इथेच काढून टाकू. तो कॅमेरा लावू लागला. मी मथीला आत निजवून, हातपाय धुऊन, घटकाभर पाठ टेकून बाहेर येतो, तर आमच्या गल्लीत फटाका वाजायचा थांबला होता. समोरच्या दारातली रांगोळी कुणीतरी पायानं पुसत होतं. धोंडाबाई पिठल्याचं पातेलं आणि भाकऱ्यांचं टोपलं घेऊन आत आली, कारण अशा घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. तिच्या मागून आनंदराव आले. त्यांनी दोन बांबू आणि कामट्या आधीच आणवून ठेवल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ईश्वराची इच्छा.

मी म्हटलं, कोणी गेलेलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. दु:खानं माझं डोकं फिरलं आहे हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग आमच्या कचेरीतले कुंडलिकराव आले. ते दारातच, शिवणार नाही अशा अंतरावर उभे राहिले आणि म्हणाले, साहेबांना घरी जाऊन कळवलं आहे, त्यांनी रजा मंजूर केली, सुतक फिटेपर्यंत दप्तराला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अहो, मला सुतकच नाही. ते म्हणाले, आता हुकूम झाला. तो फिरवायचा तर कुणी मेलेलं नाही असा दाखला आणावा लागेल. मी त्यावर विचार केला. मेल्याचा दाखला देणारा माणूस आमच्या कचेरीत आहे, त्याचं टेबल माझ्या शेजारी आहे. न मेल्याचा दाखला देणारा मात्र सबंध संस्थानात नाही. माणूस जिवंत आहे हे सरकारदरबारी कुठेही नोंदलेलं नसतं, ही गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवली.

इतक्यात मथी डोळे चोळत बाहेर आली. बायका किंचाळल्या. धोंडाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं, तिचे हात, पाय, गाल चाचपून पाहिले आणि एकदम थांबली.

"मग दिगू कुठं हाय?" ती म्हणाली.

दिगू कुठेच नव्हता. आतापर्यंत हिच्या पदराला धरून होता तो. माजघरात नाही, माळ्यावर नाही, अंगणात नाही. ही परसातल्या आडाकडे धावली. मीही धावलो. आडात डोकावताना मी देवाला एकच सांगत होतो की दाखला, रजा, माझी अब्रू, सगळं ने, एवढं पोरगं राहू दे. पाणी स्थिर होतं. आत आमचीच दोन डोकी दिसत होती. ही आडाच्या काठावर खाली बसली आणि तिला उठता येईना.

तो सापडला धान्याच्या रिकाम्या कणगीत. धोंडाबाईनं झाकण काढलं तर आत गुडघ्यात डोकं घालून बसलेला. मी त्याला बाहेर काढलं, आणि काय करावं न कळून एक चापट मारली, आणि मग घट्ट धरून ठेवलं. हिनं त्याला विचारलं, का रे लपलास असा?

त्यानं सावळारामकडे बोट केलं. "तो आला की मूल जातं," दिगू म्हणाला. "कुशीताईला त्यानं खुर्चीत बसवलं, काळं फडकं घेतलं, आणि मग ती आलीच नाही. मला नका ना बसवू. मी शहाण्यासारखा वागेन."

सावळारामनं कॅमेऱ्यावरचं काळं फडकं काढलं, त्याची घडी केली, आणखी घडी केली आणि ती बुडाखाली घेऊन पायरीवर बसला. आता हसता फोटो निघणार नाही हे मला कळलं. हिलाही कळलं. ही दिगूला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिनं सोडून दिलं होतं.

अशा वेळी दारात तट्टू थांबलं आणि धुळीनं भरलेला एक धनगर आत आला. तो म्हादू, सावळारामला शोधत आलेला. एवढी गर्दी, बांबू, पिठलं पाहून तो दारातच घोटाळला. मग सावळाराम दिसला तसा म्हणाला, "म्हातारी गेली. पहाटं गेली. काच घिऊन चला."

खरं मेलेलं माणूस मिळाल्यानं जमलेल्या मंडळींना हायसं वाटलं, हे मी पाहिलं. आनंदरावांनी तर लगेच चौकशी सुरू केली. सावळाराम उठून पिशवी आवरू लागला. काच आक्काबाईचीच होती, त्याला तरी नाही कसं म्हणता येणार? मीही काही बोललो नाही. बोलली ती ही. परक्या पुरुषाशी ही कधी बोलत नसे.

"गेणूला तो फोटो पाठवू नका," ही म्हणाली. "मेलेल्याचा चेहरा डोळ्यांत बसला की जिवंत चेहरा पुसून जातो. माझा पुसला. तो इतक्या लांब आहे, त्याच्याकडे त्याची आई आहे तशी असू दे."

म्हादूनं मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं आणि विचारलं की हे पोरगं का रडतंय? धोंडाबाईनं त्याला सांगितलं. तो दिगूपुढे उकिडवा बसला.

"ह्यो मानूस कुनाला न्हेत न्हाई, बाळा," म्हादू म्हणाला. "ह्यो आमच्या म्हातारीच्या उशाला बसला व्हता, तर ती उठून पेज प्याली. ह्याला काठी हानली तिनं. ह्यो व्हता तवर ती गेली न्हाई. ह्यो निगून आला, आन् मग गेली."

दिगूनं नाक ओढलं. ह्यात काहीतरी हिशेब चुकतोय असं त्याला वाटत असावं. "खरंच काठी मारली?"

"हितं," म्हादूनं सावळारामच्या पायावर बोट ठेवलं. सावळारामनं धोतर वर करून नडगी दाखवली. अजून निळी होती. दिगूनं ती बोटानं दाबून पाहिली. सावळाराम ओरडला आणि दिगू जरासा हसला.

मग तो हिच्या मांडीवरून उतरला आणि म्हणाला, मला फडक्याच्या आत बघायचंय. सावळारामनं फडकं पुन्हा घातलं आणि त्याला स्टुलावर उभं केलं. तो आत गेला. काही वेळ फक्त पाय दिसत होते. कुशीला तो आत शोधत असणार. मला ते बघवेना, म्हणून मी सरळ समोर, कॅमेऱ्यापुढे, ताठ उभा राहिलो.

एकदम आतून किंकाळी आली, पण ती हसण्याची होती. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत सगळं उलटं दिसतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दिगूनं मला डोकं खाली पाय वर असा पाहिला होता. "बाबा लोंबकळतायत," तो ओरडला. "आनंदकाकांच्या मिशा वर गेल्या." त्यानं मथीला वर ओढून घेतलं, मथीनंही पाहिलं, आणि दोघं फडक्यातून बाहेर पडून अंगणभर धावत सुटली. मला बघायची, हसून खाली बसायची, उठून पुन्हा धावायची. घरच्या कर्त्या माणसाला दहाजणांसमोर उलटं टांगल्यावर पोरांना इतका आनंद होतो हे मला कळलं. मी रागावणार होतो, पण हिच्याकडे पाहिलं आणि राहू दिलं.

सावळारामनं म्हादूकडे पाहिलं.

"काडा," म्हादू म्हणाला. "आमची म्हातारी काय आता कुठं जात न्हाई. ह्यांस्नी दम न्हाई."

सावळारामनं आक्काबाईची काच कॅमेऱ्यात घातली. 'हलू नका' म्हणून हात वर केला. मुलांनी ऐकलं नाही, पण बाकी सगळ्यांनी ऐकलं. त्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी काढली, तोंडातल्या तोंडात अंक म्हटले आणि टोपी लावली. मग तो म्हादूबरोबर तट्टूवर बसून रिकाम्या कॅमेऱ्यासकट वाडीवर गेला. म्हादू म्हणाला, काच नसली तर नसली, त्यो आला न्हाई तर म्हातारीला चैन पडायचं न्हाई. तिथं त्यानं कॅमेरा लावला, फडक्यात डोकं घातलं, टोपी काढली, लावली, आणि सगळ्या वाडीनं आक्काबाईला मानानं निरोप दिला.

पुढे कागदावर उतरवलेला फोटो घेऊन सावळाराम आला तो मान वर करीना. फोटो त्यानं हिच्या हातात पालथा दिला.

"हलले, वैनी," एवढंच म्हणाला.

आनंदराव स्वच्छ आले होते, कामट्यांसकट. धोंडाबाई स्वच्छ, पातेल्यासकट. दारात अंतर राखून उभे असलेले कुंडलिकराव. म्हादूच्या मुंडाशाचे पीळ मोजता आले असते. मधोमध मी, हात सरळ, डोळे मिटलेले, इतका नीटनेटका की वर हार घातला असता तर कुणी हरकत घेतली नसती. आणि आमच्या पुढे, जिथे मुलं हवी होती तिथे, दोन धुराचे लोट. एका लोटाला एक पाय होता, काजळ लावलेला.

मी म्हटलं, गेली काच वाया. ही फोटो दाराशी उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत होती. मग त्यातल्या एका लोटावर तिनं बोट ठेवलं.

"कुशी अशीच पळायची," ही म्हणाली. "हात असे मागे टाकून. हसताना अशीच वाकायची, पोट धरून." आणि ती हसली, मग रडायला लागली, आणि रडता रडता मला कुशीच्या किती तरी गोष्टी सांगत राहिली ज्या मीही विसरलो होतो.

फोटो माजघरात समोरच्या भिंतीवर लागला. मी हळूच विचारलं, यात माझे डोळे मिटलेत, त्याचं काय? ही म्हणाली, "बरं झालं. तुमचा पुन्हा काढायला नको." मग तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि कुशीचा फोटो सरळ केला, समोरच्या दोघांकडे तोंड करून.

पाहुणे अजून विचारतात. म्हणतात, फोटो चांगला आहे, माणसं ओळखू येतात, पण मुलं अशी का? मी सांगतो, आमची मुलं हलतात.